शिबिर उठल्यावर

रायपूर शहराच्या मध्यभागी, मालवीय मार्गाला लागून, गोल बाजार नावाची एक जुनी पेठ आहे. बाळाच्या बारशापासून माणसाच्या अखेरच्या यात्रेपर्यंत जे जे म्हणून लागते ते ते सर्व ह्या एका पेठेत मिळते, असे रायपूरचे लोक अभिमानाने सांगतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातील मुलामुलींसाठी बास्केटबॉलचे शिबिर भरवावे असे कोणाच्या मनात आले, तर त्याचीही बरीचशी खरेदी येथे होऊन जाईल. पाण्याचे माठ, गूळ, फुटाणे, लिंबे, मैदानावर रेषा आखण्यासाठी चुना, बांधण्यासाठी सुतळी, बसण्यासाठी सतरंज्या ह्यांपैकी कशाचीही वाण पडणार नाही. चेंडू, शिट्टी आणि जाळी ही क्रीडासाहित्याच्या दुकानातून आणली की झाले. परंतु शिबिराला लागणाऱ्या दोन गोष्टी मात्र कोणत्याही बाजारात विकत मिळत नाहीत. शिबिर संपल्यावरही गावात राहणारा शिक्षक ही पहिली, आणि शिबिर संपल्यावरही मुलांना मोकळे राहणारे मैदान ही दुसरी. श्रोतेहो, आज मला जे सांगावयाचे आहे ते ह्या दोन गोष्टींविषयीच. आणि बास्केटबॉलचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास ह्या बाबतीत आपणास पुष्कळ काही शिकविण्यासारखा आहे.

'शिबिर' हा शब्द आज आपण रक्तदानापासून संस्कारवर्गापर्यंत सर्वत्र वापरतो. पण मुळात तो लष्करी शब्द आहे. सैन्याची छावणी म्हणजे शिबिर. छावणी पडते आणि उठते. राहणे हा तिचा धर्मच नव्हे. छत्तीसगडाला ह्याचा अनुभव जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४१ साली रतनपुरावर चालून गेले आणि तेथे आपला अंमल बसवून पुढे बंगालच्या वाटेला लागले. त्या छावणीची खूण आज शोधूनही सापडावयाची नाही. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, रतनपुरासच राहिले. रामटेकडीवरचे राममंदिर आजही त्यांचे नाव सांगते. स्वारीच्या बऱ्यावाईटाचा हिशेब मला येथे मांडावयाचा नाही. येतो आणि जातो त्याचे काम एक, आणि येतो आणि राहतो त्याचे काम निराळे, एवढीच गोष्ट लक्षात आणून द्यावयाची आहे. ब्रिटिश अमदानीत रतनपूर मागे पडून रायपूर हे छत्तीसगडचे मुख्य ठाणे झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, १९०३ साली वऱ्हाड त्याला जोडला गेला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर, नागपूर व अमरावती ही शहरे एकाच सरकारच्या छत्राखाली नांदली. माधवराव सप्रे, वामनराव लाखे ह्यांच्यासारख्या मराठी मंडळींनी रायपुराच्या सार्वजनिक जीवनात जी कामे केली ती ह्याच काळात. तेव्हा रायपुरातील मुलांच्या खेळाचा विचार हा मराठी श्रोत्यांना परमुलखातला विचार वाटू नये.

आता ह्या खेळाच्या जन्मकथेकडे वळू. बहुतेक खेळ कोणी, कोठे आणि केव्हा काढले हे सांगता येत नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. त्याचे जन्मगाव, जन्मदाता आणि जन्मकाळ ही सर्व इतिहासाला ठाऊक आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुण संघाची, म्हणजे वाय. एम. सी. ए.ची, एक प्रशिक्षणशाळा होती. कॅनडात जन्मलेले जेम्स नेस्मिथ हे तेथे तीस वर्षांचे तरुण शिक्षक होते. १८९१ च्या हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेला, फुटबॉल बंद, आणि कवायतीला कंटाळलेला अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग कोणालाच आवरेना. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक ह्यांनी नेस्मिथांना सांगितले की, छपराखाली खेळता येईल असा एखादा नवा खेळ पंधरवड्यात काढा. नेस्मिथांनी शाळेच्या रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती म्हणून त्याने पीच फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकण्यात आल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून कडे दहा फुटांवर गेले. आणि आज जगभर ते ३.०५ मीटरवर, म्हणजे त्याच दहा फुटांवर, आहे. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, फुटबॉलचाच चेंडू घेतला, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले आणि डिसेंबरच्या एका दिवशी पहिला सामना झाला. त्यात एकच गोल झाला.

ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ते अठरा विद्यार्थी खेळाडू होण्यासाठी तेथे आलेले नव्हते. ते शिक्षक आणि संघटक होण्यासाठी आले होते. अर्थात हा खेळ खेळाडूंच्या आखाड्यात जन्मला नाही. तो शिकविणाऱ्यांच्या शाळेत जन्मला. वर्ग संपून ते विद्यार्थी आपापल्या कामाच्या गावी गेले तेव्हा प्रत्येकाबरोबर हा खेळही गेला. १८९२ च्या जानेवारीत शाळेच्या नियतकालिकात नियम छापून आले आणि टपालाने ठिकठिकाणच्या शाखांत पोहोचले. त्याच सुमारास जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन ह्या तरुण शिक्षिकेने मुलींसाठी नियमांत फेरफार करून तो शिकविण्यास आरंभ केला. पहिल्या सामन्यातील खेळाडूंपैकी डंकन पॅटन हे १८९४ च्या सुमारास हिंदुस्थानात आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आपल्या देशात आला, असे मानले जाते. ज्याच्या जन्माला तीन वर्षेही धड झाली नव्हती असा हा खेळ सात समुद्र ओलांडून आला तो कोणा विजेत्या संघाच्या दौऱ्यामुळे नव्हे; एक विद्यार्थी शिक्षक होऊन आला म्हणून आला.

नेस्मिथांच्या पुढील आयुष्यातही हेच सूत्र दिसते. १८९८ साली ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले मार्गदर्शक झाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्याने खेळ काढला तोच त्या विद्यापीठाच्या इतिहासात जयांपेक्षा पराजयांची संख्या अधिक असलेला एकमेव मार्गदर्शक ठरला! परंतु त्यांच्या हाताखाली खेळलेला फॉग अ‍ॅलन हा तरुण पुढे नामवंत शिक्षक झाला. आणि अ‍ॅलनच्या संघात खेळलेले अ‍ॅडॉल्फ रप व डीन स्मिथ हे अमेरिकेतील अग्रगण्य शिक्षकांत गणले गेले. गुणफलकावर नेस्मिथांचा हिशेब तोट्याचा होता. शिष्यपरंपरेच्या वहीत तो केवढ्या नफ्याचा निघाला, हे सांगावयास नको.

आपल्या देशात ह्या परंपरेला पक्के घर मिळाले ते मद्रासमध्ये. हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. त्यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. तीच पुढे वाय. एम. सी. ए. महाविद्यालय म्हणून सर्व दक्षिण आशियात प्रसिद्ध झाली. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापकही बकच होते. त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक देशभरच्या शाळांतून गेले आणि शाळेच्या अंगणात दोन खांब व दोन कडी उभी राहू लागली. १९३४ साली दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. आधी शिक्षक, मग मैदान, मग स्पर्धा आणि सर्वांच्या शेवटी महासंघ, असा हा क्रम आहे. आज आपण पुष्कळदा तो उलट्या बाजूने चालवू पाहतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिकविणाऱ्यातून शिकविणारा निर्माण करण्याची कल्पना काही आपणास अमेरिकेकडून उसनी घ्यावी लागली नाही. महाराष्ट्रातील तालमीची रचना तीच होती. तालमीत वस्ताद एक; पण त्याचे लक्ष एका वेळी किती पोरांवर राहणार? म्हणून थोरला पठ्ठ्या धाकट्याला पेच दाखवी, धाकटा त्याहून धाकट्याला जोर-बैठका घालावयास लावी, आणि ज्याला काहीच येत नसे तो हौदातील माती उकरून मऊ करी. त्यामुळे वस्ताद चार दिवस परगावी गेला तरी तालीम बंद पडत नसे. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला आणि पुढे त्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, तेव्हा ह्याच रचनेला त्यांनी आधुनिक रूप दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग भरवावेत, दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या तरुणांना आणि शाळाशिक्षकांना शिकवावे, आणि त्यांनी आपापल्या गावी जाऊन शिकवावे, अशी ती योजना होती. आपल्या इकडील उन्हाळी शिबिराचे मूळ शोधावयाचे असेल तर अमरावतीच्या त्या वर्गांचे स्मरण केल्यावाचून चालणार नाही. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले ह्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले ते ह्याच वातावरणात. मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंतर १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली. ह्या सर्व संस्थांचा हेतू एकच होता: पोरे पुष्कळ आहेत, त्यांना शिकविणारे हात वाढले पाहिजेत.

आणि योगायोग असा की, हे दोन प्रवाह १९३६ साली एकाच नगरात एकत्र आले. त्या वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला पदकाच्या खेळाचा मान प्रथम मिळाला. वृद्ध नेस्मिथ तेथे उपस्थित होते आणि पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनीच उडविला. अंतिम सामना मातीच्या मैदानावर भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने हुतुतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगभरच्या पाहुण्यांना दाखविली. एक खेळ टोपलीचा, दुसरा दमाचा. पण दोन्ही तेथवर पोहोचले ते शिक्षकांच्या शाळांमुळेच.

मुंबईत ह्या विचाराला आणखी एक रूप मिळाले, आणि ते गोल बाजारासारख्या दाट वस्तीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. भायखळ्याजवळील नागपाडा ही तेव्हा गिरणी कामगारांची, गोदीतल्या मजुरांची, नाना धर्मांच्या आणि भाषांच्या गरीब माणसांची वस्ती. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने क्लिफर्ड मॅनशर्ट ह्या शिकागोकडील गृहस्थांनी १९२७ साली तेथे नागपाडा नेबरहुड हाउस नावाचे शेजारकेंद्र उघडले. वाचनालय, दवाखाना, मुलांचे वर्ग आणि खेळ अशी कामे तेथे चालत. ह्याच प्रयत्नातून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा शाळा निघाली आणि तिचीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्या मोहल्ल्याच्या पोरांना विचाराल तर ते आधी सांगतील ते बास्केटबॉलचे. नागपाड्यात हा खेळ रुजला तो असा रुजला की, मुंबईचाच काय, देशाचा संघ निवडतानाही ह्या चिमुकल्या वस्तीकडे पाहिल्यावाचून चालेना. भारताचे कर्णधारपद भूषविणारे आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर हे ह्याच नागपाड्यात वाढले.

नागपाड्याजवळ असे काय होते? विस्तीर्ण क्रीडांगण नव्हते, श्रीमंती नव्हती, उंचनिंच पैलवानी देहयष्टीचा वारसाही नव्हता. घराच्या दाराशी एक मैदान होते. ते संध्याकाळी उघडे असे, आणि त्याच्या कठड्यापाशी उभे राहून धाकटी पोरे थोरल्यांचा खेळ पाहत असत. थोरल्यांतला एखादा थकून बसला की धाकट्याला आत बोलावणे येई. बास्केटबॉलला जागा थोडी लागते, ही ह्या खेळाची मोठी कृपा आहे. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद एवढ्या जमिनीत दहा जण खेळतात. एकाच कड्याखाली, अर्ध्या मैदानात, सहा जणांनाही पुरेसा घाम गाळता येतो. क्रिकेटचे मैदान दाट पेठेत सापडणार नाही. पण एका कड्यापुरती जागा, मनात आणले तर, गोल बाजाराच्या आसपासच्या कोणत्याही शाळेच्या आवारात सापडू शकेल.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हे काम हाती घेतले. १९५३ साली राजकुमारी अमृत कौर ह्यांच्या नावाने प्रशिक्षणयोजना सुरू झाली आणि नामांकित मार्गदर्शक ठिकठिकाणी जाऊन शिबिरे घेऊ लागले. योजना उदार होती. परंतु फिरता मार्गदर्शक कितीही मोठा असला तरी तो गावाला येतो आणि गावाहून जातो. त्याने दाखविलेला हात मुलांच्या अंगवळणी पडण्यापूर्वीच त्याची गाडी सुटलेली असते. ही उणीव जाणूनच पुढे १९५७ साली ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था ह्या मार्गदर्शक तयार करणाऱ्या संस्था निघाल्या. पतियाळाच्या राजवाड्यात शिकून बाहेर पडलेले मार्गदर्शक राज्याराज्यांत नेमले गेले. म्हणजे स्प्रिंगफील्डला जी गोष्ट १८९१ साली सहज घडून आली, ती आपण सत्तर वर्षांनी समजूनउमजून केली.

आता आपण पुन्हा छत्तीसगडकडे येऊ. रायपुरापासून पश्चिमेस रेल्वेने तासाभराच्या आत भिलाई येते. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी झाला, तेव्हा ह्या मुलखाची राजधानी नागपूरच होती. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याभोवती जे नगर वसले त्यात शाळा, दवाखाने आणि मैदाने आखूनरेखून बांधलेली होती. ह्याच भिलाईत राजेश पटेल नावाचे एक मार्गदर्शक होऊन गेले. त्यांनी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहून, विशेषतः मुलींना, बास्केटबॉल शिकविला. २००० सालच्या १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य झाले आणि त्यानंतर कनिष्ठ गटांच्या राष्ट्रीय स्पर्धांत ह्या नव्या, लहान राज्याच्या मुलींनी मोठमोठ्या राज्यांना नमवून वारंवार विजेतेपदे मिळविली. अंजू लाकडा, सीमा सिंग अशा कित्येक मुली येथून भारताच्या संघात गेल्या. २०१८ साली पटेलांचे निधन झाले. राजनांदगाव हे हॉकीचे माहेरघर म्हणून सर्वांना परिचित आहे. तेथेही बास्केटबॉलचे निवासी केंद्र चालून अनेक मुली पुढे आल्या.

ह्या मुलींपैकी अनेकींच्या घरी खेळ ही चैन होती. वडील मजुरीवर, किंवा कारखान्यात हलक्या नोकरीवर. मुलीने शाळा शिकावी की घर सांभाळावे हाच जेथे प्रश्न, तेथे तिने कड्यात चेंडू टाकावा हे कोणाला कसे पटावे? ते पटले, कारण पुढे रेल्वेसारख्या खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागलेल्या थोरल्या मुली धाकट्यांच्या आईबापांना दिसू लागल्या. पगार घरी पाठविणारी मुलगी ही शंभर भाषणांहून अधिक बोलकी असते. म्हणून मुलांच्या बास्केटबॉल शिबिराचा प्रश्न हा सुट्टीतील करमणुकीचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. एखाद्या मुलीच्या आयुष्याची दिशा त्यात बदलू शकते. आणि शिबिर उठल्यावर मागे काहीच उरले नाही, तर ती दिशा दाखवून पुन्हा दार लावून घेतल्याचे पापही आपल्याच माथी येते.

दरवर्षी मे महिना आला की रायपुरात आणि इतर शहरांत उन्हाळी क्रीडा-प्रशिक्षण शिबिरे भरतात. फलक लागतो, रंगीत गंजिफ्रॉक वाटले जातात, पाहुणे येतात, हारतुरे होतात, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे मिळतात. जूनमध्ये शाळा उघडते आणि मैदानाचे फाटक बंद होते. हे टाळावयाचे असेल तर शिबिराची आखणी कशी करावी, ह्याविषयी वर सांगितलेल्या इतिहासातून काही ठोस गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट वेळेची. रायपूरचा मे महिना कठीण असतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत सहज चढतो आणि पंचवीस मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा तर तेथे प्रसिद्धच आहे. म्हणून मुले पहाटे साडेपाचला मैदानावर यावीत आणि साडेसातला घरी निघावीत. संध्याकाळचा वर्ग ऊन पूर्ण उतरल्यावरच घ्यावा. दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून सर्वांनी पाणी प्यावे. ज्याला तहान नसेल त्यानेही प्यावे. छत्तीसगडी घरांत रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खातात. त्या बोरे-बासीला हसण्याचे कारण नाही. घाम गाळून घरी परतलेल्या मुलाला पाणी, मीठ आणि अन्न एकाच वाडग्यात देणारी ती जुनी शहाणीव आहे.

दुसरी गोष्ट कड्याच्या उंचीची. सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता म्हणून कडे दहा फुटांवर गेले, हे आपण पाहिले. तो जवानांचा खेळ होता. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या कड्याकडे चेंडू फेकावयास लावले तर तो कमरेपासून झोकून फेकतो, आणि ती वाईट सवय जन्मभर सुटत नाही. १९५० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथील जे आर्चर ह्या शिक्षकाने हे ओळखून लहानांसाठी खाली उतरविलेले कडे आणि हलका चेंडू वापरला. आज लहान गटासाठी २.६० मीटर उंचीचे कडे आणि पाच क्रमांकाचा चेंडू सर्वमान्य आहेत. खेळाला मुलाच्या मापाचे करावे, मुलाला खेळाच्या मापाचे करू नये, हे शिक्षणाचे जुनेच तत्त्व आहे. ह्याच कारणासाठी पहिल्या आठवड्यात उंची पाहून निवडानिवड करण्याचा मोह आवरला पाहिजे. बारा वर्षांचे ठेंगणे पोर सोळाव्या वर्षी कोठे जाईल हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मुलींची. त्यांच्यासाठी वर्गाची वेळ आईबापांना विचारून ठरवावी, मैदानापाशी स्वच्छ शौचालय असावे, आणि वर्ग चालू असेतोवर एक तरी जाणती स्त्री तेथे उपस्थित असावी. ह्या तीन गोष्टी नसतील तर मुली का येत नाहीत, असा प्रश्न विचारण्याचा आपणास अधिकार नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौथी. शिबिरात चाळीस मुले घेतली तर त्यांच्याबरोबर सोळा ते वीस वर्षांचे चार-पाच जुने खेळाडूही घ्यावेत. त्यांनी खेळावे म्हणून नव्हे, शिकवावे म्हणून. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकाने अर्धा वेळ मुलांना आणि अर्धा वेळ ह्या तरुणांना द्यावा. चेंडू दोन्ही हातांनी कसा आपटत न्यावा, पास देताना नजर कोठे असावी, थांबताना पावले कशी पडावीत, एवढ्या चारसहा मूळ गोष्टी समोरच्या मुलाकडून घोटून घेण्याची कला त्यांना आली की शिबिराचा हेतू साधला. मुलांची नावे, वये आणि घरचे पत्ते एका साध्या वहीत लिहावेत. शिबिर संपल्यावर ती वही ह्या तरुणांच्या हाती द्यावी आणि पावसाळा सरल्यावर दर रविवारी सकाळी किती मुले येतात ह्याची नोंद त्यांनीच ठेवावी. दिवाळीला त्या वहीत वीस नावे टिकली असतील तर शिबिर यशस्वी झाले. समारोपाला कोण मंत्री आले होते ह्यावरून ते ठरत नाही.

ह्यासाठी पैसा लागेल तो फारसा नाही. गोल बाजारातील व्यापारी लग्नकार्याला, भंडाऱ्याला, गणपतीला सढळ हाताने देतात. त्यांच्याकडे फलकासाठी आणि गंजिफ्रॉकांसाठी वर्गणी मागण्याऐवजी एका शिक्षकाचे वर्षभराचे मानधन आणि मैदानावरच्या दोन दिव्यांचे बिल मागावे. आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती करावी की, संध्याकाळी पाच ते सात एवढेच तास फाटक उघडे ठेवा. ही विनंती क्षुल्लक वाटेल. पण आपल्या शहरांतील कितीतरी मैदाने केवळ एका कुलुपामुळे ओस पडलेली असतात. नागपाड्याचा इतिहास म्हणजे शेवटी एका उघड्या फाटकाचाच इतिहास आहे.

भारताच्या पुरुष संघाने ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोला. पंजाबातील सतनाम सिंग ह्या तरुणाची २०१५ साली अमेरिकेतील व्यावसायिक संघाने निवड केली, तेव्हा सर्व देशाला आनंद झाला. तोही लुधियानाच्या अकादमीत वर्षानुवर्षे शिकलेला मुलगा होता. असे दुसरे सतनाम केव्हा निघतील, असा प्रश्न आपण उत्साहाने विचारतो. तो विचारण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: दुसरे राजेश पटेल केव्हा निघतील, आणि ते निघावेत म्हणून ह्या उन्हाळ्यात आपण कोणत्या तरुणाच्या हाती शिट्टी देणार आहोत?

स्प्रिंगफील्डच्या त्या व्यायामशाळेतील टोपल्यांना तळ होता. प्रत्येक गोलनंतर कोणीतरी वर चढून चेंडू काढून द्यावा लागे, तेव्हा कोठे खेळ पुढे चाले. पुढे तळ काढून टाकला आणि चेंडू आपोआप खाली येऊ लागला. आपली शिबिरे आज त्या तळ असलेल्या टोपलीसारखी आहेत. दरवर्षी मुले आत जातात आणि तेथेच अडकून राहतात. पुढच्या मेमध्ये कोणीतरी शिडी लावावी तेव्हा ती पुन्हा खेळात येतात. गावातलाच शिक्षक आणि उघडे मैदान ही दोन मिळाली की तो तळ निघून जाईल, आणि शिबिर उठल्यावरही खेळ चालू राहील.